लहानग्यांचे वकील
माझ्या आत्याचे यजमान हे साऱ्या मराठवाड्यातले एकमेव वकील असावेत, ज्यांना मोठी माणसं पक्षकार म्हणून चालत नसत. जमिनीच्या तंट्यासाठी जहागीरदार दारात आला तरी आतोबा म्हणत, "तुमाला तोंड हाय, तुमी बोला. ज्याला बोलता येत न्हाई, त्याला घेऊन या." लेकरू आलं की मात्र आईबापांना अंगणात थांबवून स्वतः त्याच्यापुढं भुईवर फतकल मारायचे आणि आरोपाचं नाव न काढता भोवरे, गोट्या, शेळ्यांच्या गप्पा छाटायचे. आत्या म्हणायची, "ह्यांची धोतरं बसूनच फाटतात."

निजामी अमलात मी हिंगोलीच्या कचेरीत कारकून होतो. एकदा डोंगरकड्याकडच्या मेंढपाळाची आठ-नऊ वर्षांची पोर करडू चोरल्याच्या आरोपावरून आणली. ठाण्यात तिनं गुन्हा कबूल केला होता; आता तिला मोठ्या बायांबरोबर तुरुंगात धाडणार, असं सगळे धरून चालले होते. कामकाज उर्दूत, पोरीला ओ का ठो कळेना. आतोबा उठले आणि आरोपीच्या कठड्यामागं तिच्याशेजारी जाऊन बसले.

"वकीलसाहेब कुठं गेले?" न्यायासनावरच्या मुन्सफसाहेबांनी विचारलं.

"हितंच हाय जी," कठड्यामागून आवाज आला. "पोरगी उभी राहून बी दिसत न्हाई, मग मी काहून दिसावं?"

मग ते उठले आणि करड्या आवाजात तिला म्हणाले, "ह्या कचेरीचं छप्पर तूच चोरलं ना?"

पोरीनं वर तुळयांकडं पाहिलं, मान खाली घातली. "व्हय जी."

"आन् गावचं तळं?"

"व्हय जी."

कचेरी हसली. मुन्सफसाहेब हसले नाहीत. त्यांनी तिचा कबुलीजबाब बाजूला सारला. आतोबा पुन्हा खाली बसले, हळूच म्हणाले, "बाई, करडू तुझ्याकडं आलं कसं?"

"मागं मागं आलं. भुकेलं व्हतं."

पोर सुटली. बापानं बैलगाडीत बसवली, आतोबा वेशीपर्यंत पोचवायला गेले, मीही गेलो. गाडी निघताच ती बापाशी किलबिल बोलू लागली. मागं एकदाही पाहिलं नाही.

"एकदा वळून तरी बघायचं," मी म्हणालो.

"न बघितलेलंच बराबर," आतोबा म्हणाले. "कचेरी ध्यानात राहिली तर लेकरू भीतभीतच मोठं व्हईल. आन् कचेरी विसरायची, तर मला बी विसराया पायजे."

ते हसले. पण गाडी दिसेनाशी झाली तरी रस्त्यावर उडालेल्या धुळीकडं बघत बराच वेळ उभे राहिले.