घरची देवी

न्हावऱ्यात आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. दर गुरुवारी त्यांच्या ओसरीवर सत्संग भरायचा. मी जायचो तो खरं तर चहासाठी. त्यांचे मालक रंगात येऊन सांगायचे, "बाई म्हंजी घरची देवी. सैपाक हीच तिची पूजा." तेव्हा देवी आत ओसरीभर भक्तांचा चहा उकळत असायची. ती जेवायची सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं. काकू या सगळ्याला नुसतं "व्हय, व्हय" म्हणायच्या.

एका गुरुवारी मात्र चहा येईना. मालकांनी दोनदा हाक मारली. शेवटी मीच उठून आत गेलो, तर स्वयंपाकघराचा पडदा ओढलेला. आतून ताज्या भाकरीचा वास आला आणि पाठोपाठ काकूंचा शांत आवाज, "देवीचा निवद चालू हाय. पडदा उघडू नगा."