ताराबाई लेकरायले भूल द्यायच्या

ताराबाई आज सकाळी गेल्या, अन् मले रडू नाही, राग येऊन राह्यला.

जुन्या स्टाफच्या ग्रुपवर दहा मिनिटांत सगळ्यायनं हात जोडले. एकानं लिहिलं, "कुटुंबनियोजन कॅम्पच्या डॉक्टर मॅडम गेल्या."

अरे बाप्पा! कॅम्पच्या?

ज्यायले माहीत नाही त्यायच्यासाठी सांगते. मी रिटायर्ड सिस्टर, वय ऐंशी, यवतमाळ. टायपिंग नातीनं शिकवलं, चुका माझ्या.

ताराबाई लेकरायले भूल द्यायच्या डॉक्टर होत्या. त्याचंच खास ट्रेनिंग घेतलेलं, मुंबईला, लेकरांच्या मोठ्या हॉस्पिटलात, अख्खं वर्ष.

गोष्ट चौसष्ट-पासष्टची आहे. तेव्हा आमच्या सरकारी दवाखान्यात भूल म्हणजे काय? तोंडावर जाळीचा मास्क, त्याच्यावर कापड, अन् जो रिकामा असेल त्यानं थेंब थेंब ईथर टाकायचं. कधी कंपाउंडर, कधी मी. वीस वर्षांची होती मी! मले काय समजत होतं?

ताराबाई मुंबईहून आल्या त्या एक पेटी घेऊन. तिच्यात इवलेसे मास्क, करंगळीहून बारीक नळ्या अन् हातानं लिहिलेल्या चार जाड वह्या. आल्या-आल्या त्यायनं ऑपरेशन थेटरात वजनकाटा आणवला. टेबलावर गरम पाण्याच्या पिशव्या ठेवायले लावल्या.

"लेकरू म्हणजे लहान साइजचा मोठा माणूस नव्हे, सिस्टर. त्याचा श्वास वेगळा, त्याचं सगळंच वेगळं."

सगळे हसायचे. म्हणे मुंबईची फॅशन.

अन् एक सवय होती त्यांची. ऑपरेशनच्या आधी काही खाल्लं का, हे त्या मायले नाही, लेकरालेच विचारायच्या.

कारण आपल्याकडच्या आज्या! "उपाशी लेकराले कापतात का कुठी?" म्हणून दवाखान्याच्या ओट्यावरच गुपचूप चारून द्यायच्या. पोट भरलेलं असताना भूल दिली तर उलटी होते, अन् ती सरळ फुप्फुसात जाते. हे मले ताराबाईनंच शिकवलं.

राजूरची शेवंता. पाच वर्षांची.

कोळशाच्या शेगडीवर हात पडला होता, तीन बोटं एकमेकाले चिकटून गेलती. ती सोडवायले नागपूरचे सर्जन यायचे, महिन्यातून एकदा. दुपारच्या मोटारीनं परत.

आजी शपथ घेऊन सांगे, "पाण्याचा थेंब नाही देल्ला बाई."

ताराबाई शेवंताजवळ वाकल्या. "काय खाल्लं व माय सकाळी?"

"गूळ-पोळी. आजी म्हणे सांगू नको."

ताराबाई उठल्या अन् सर्जनसाहेबांना तोंडावर सांगितलं, "लेकरू जेवलं आहे. आज भूल देणार नाही. बोटं पुढच्या महिन्यातही सुटतील."

साहेब तडकले. "एक पोळी खाल्ली तर काय आभाळ कोसळतं? वर्षभर मुंबई पाहून आल्या अन् आम्हाला शिकवता?"

त्या दाराकडे वळल्या तसे चांगले मोठ्यानं बोलले, "या लोकांना सरकारनं डोक्यावर चढवून ठेवलं आहे."

या लोकांना म्हणजे कोणाले, ते सगळ्यायले समजलं. छप्पन साली ताराबाईच्या घरच्यांनी दीक्षा घेतलती.

सगळे आपापल्या कामाले लागले. मीबी.

मग साहेबानं मास्क माझ्या हाती देल्ला. "सिस्टर, तू टाक."

मी टाकलं.

पाच मिनिटांत उलटी. शेवंता निळी पडली.

ताराबाई दारातच उभ्या होत्या. धावत आल्या, लेकराले कुशीवर केलं, डोकं खाली केलं, तोंड साफ केलं, ती बारीक नळी घातली अन् रबराच्या पिशवीनं श्वास देत राह्यल्या. किती वेळ ते मले नाही सांगता येत.

शेवंता वाचली. तीन हप्ते छाती भरून तापात होती, पण वाचली. बोटं मात्र तशीच राह्यली. घरचे तिले घेऊन गेले ते पुन्हा दवाखान्याची पायरी नाही चढले. कायले चढतील?

चौकशी बसली. साहेबाचा रिपोर्ट असा, की डॉक्टरीणबाई टेबल सोडून गेल्या म्हणून हे झालं.

मले बोलावलं. ताराबाई समोरच बसल्या होत्या. चौकशीच्या अधिकाऱ्यानं विचारलं,

"लेकरू जेवलेलं आहे, असं यांनी ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं का?"

माझी नोकरी पक्की व्हायची होती.

मी म्हणलं, "आठवत नाही, साहेब."

ताराबाईची बदली झाली. कुटुंबनियोजनाच्या कॅम्पांवर. उमरखेड, ढाणकी, कुठी-कुठी. तिथं मोठ्या माणसाले जागेवर सुई टोचून काम होते, पुरी भूल लागतच नाही! अन् लेकरांसाठी शिकलेली बाई तिथं बसवली. डोकं फिरते माझं आजबी.

पेटी स्टोअरमध्ये गेली, डेड स्टॉक म्हणून. लेकरायले भूल पुन्हा कंपाउंडरच देऊ लागला.

जायच्या दिवशी भेटायले आल्या. मी मान खाली घातली. म्हणाल्या, "सिस्टर, लेकरालेच विचारत जा."

बस, इतकंच. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी विचारत गेली, नोकरी संपेपर्यंत. पण खरं काय झालं ते कोणाले सांगितलं नाही. नवऱ्यालेबी नाही. रिटायर होऊन त्या इथंच राह्यल्या, भाजीबाजारात दिसायच्या, "बरी आहेस ना?" विचारायच्या. अन् मी दरवेळी मनात म्हणे, उद्या बोलू. साठ वर्षं माझा तो उद्या चालला!

साहेबावर राग आहे. सरकारवर आहे. पण तो रिपोर्ट साहेबाच्या एकट्याच्या जोरावर नव्हता टिकला. माझ्या दोन शब्दांवर टिकला.

म्हणून इथं लिहून ठेवते, सगळ्यायनं वाचा. ताराबाईनं सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आधी, स्पष्ट, सगळ्यांसमोर. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

मले तेव्हाबी आठवत होतं.

श्रद्धांजली लिहायचं तोंड नाही माझं, ताराबाई. ही उशिराची साक्ष घ्या.

जय भीम.