साडूभाऊंचा परदेशी पाऊस

आमच्या साडूभाऊंइतका पावसाचा अपमान करणारा माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान एका मराठी शाळेत भूगोल शिकवायचे, पण मनानं राहायचे फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर. जगात कुठंही वादळ झालं की मिळेल त्या पेपरातलं कात्रण वहीत चिकटायचं आणि शेजारी देश, दिवस, पाऊस अशी नोंद व्हायची. आपल्याकडे छत्री उलटी होईल असा पाऊस आला की हे तोंड वाकडं करून म्हणायचे, "हा पाऊस? तैवानात याला दमट हवा म्हणतात." एकदा लग्नाच्या मांडवात पाणी शिरलं, वरमाय रडकुंडीला आली, तर हे तिला बांगलादेशातलं चक्रीवादळ समजावत बसले! मला या शहाणपणाचा मनापासून तिटकारा होता आणि तो मी लपवतही नसे.

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात तापी चढू लागली, म्हणून दोघांना माझ्या घरी न्यायला मी त्यांच्या कतारगामच्या चाळीत गेलो. बाहेर लख्ख ऊन. साडूभाऊंनी पाऊस मोजायची बरणी माझ्यापुढे धरली. "कोरडी आहे. पूर कसला?"

"अहो, पाऊस वर खानदेशात पडलाय!" मी ओरडलो.

तेवढ्यात शेजारचा लूमवर काम करणारा भिकन धावत आला. "मास्तर, निंघा! घरमा पानी भराई ऱ्हायनं! मायले उठता येत नही!"

पाणी आमच्याही उंबऱ्याच्या आत आलं होतं. मेहुणी किंचाळली, "अहो, तुमच्या वह्या!" साडूभाऊंनी खालच्या फळीकडे एकदाच पाहिलं आणि ते भिकनमागून धावले. कमरेएवढ्या पाण्यातून त्या दोघांनी म्हातारीला खुर्चीसकट गच्चीवर नेलं.

पाणी ओसरल्यावर गाळातून वह्यांचा लगदा निघाला. मी खवचटपणे म्हणालो, "जपानात तर असं रोजच होत असेल, नाही?"

गाळ काढता काढता ते थांबले. "भाऊसाहेब, तिथं म्हाताऱ्यांना कोण उचलत असेल हो?"

त्यानंतर त्यांनी नवी वही केली नाही. पाऊस आला की खिडकीशी गप्प बसतात. मी मुद्दाम सुरतेच्या पावसाची वाटेल तशी बढाई मारतो, तर नुसती मान हलवतात. एकदा तरी त्यांनी मला पूर्वीसारखं मूर्खात काढावं, असं फार वाटतं.