शेवटची कळ

बरकतपुऱ्यातल्या घरून बसने मी ऑफिसला जायचे, तेव्हा शहरात संगणकाचं वारं नुकतंच शिरलं होतं. आमची मशीनची खोली वेगळी होती. चपला बाहेर काढायच्या, दार ओढून घ्यायचं, की आत गारवा आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. बाहेर ऊन आहे की सांज झाली, काही कळायचं नाही. मला ते फार आवडायचं. अजूनही डोळे मिटले की तळव्यांना ती थंड फरशी लागते.

तिथे आम्ही तिघी मुली, आणि आमची एक खुळी रीत होती. दिवसभर खपून प्रोग्राम आम्ही लिहायचो, पण तो चालवायची शेवटची कळ आमच्यातली एकही दाबायची नाही. त्यासाठी आमच्यावर देखरेख करणाऱ्या सरांना हाक. असं कुणी सांगितलं नव्हतं. महागाचं यंत्र, बिघडलं तर आपल्यावर येईल, एवढीच धास्ती. सर यायचे, उभ्या उभ्या एक बोट टेकवायचे, आणि प्रोग्राम त्यांच्या नावावर लागायचा. मला राग यायचा, पण तो डब्यात भरून मी मुकाट घरी न्यायचे.

शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण अंबरपेठची. ती आमच्या शहराच्या दखनी हिंदीत वैतागायची, "दबाव ना माँ, काटता क्या उने?" म्हणजे दाब की, यंत्र काय चावतंय? पण तीही सरांनाच बोलवायची!

मग नवी टीम निघाली. तीत एकच जागा होती, आणि सरांच्याही वरचे मोठे साहेब प्रत्येकाचा प्रोग्राम स्वतः पाहून माणूस निवडणार होते. ती जागा मला हवी होती. इतकी, की बसमध्ये खिडकीशी बसून मी तिथल्या टेबलावर फुलदाणीसुद्धा ठेवून पाहायचे.

साहेब आले. माझी पाळी आली. सवयीने मान सरांकडे वळली आणि सर उठलेही. ते उठलेले पाहूनच मला काय झालं कोण जाणे, मी कळ दाबून टाकली.

पडद्यावर चूक आली. भली मोठी.

"पहले पूछ लेना था ना अम्मा," सर गोड हसून म्हणाले आणि हात पुढे करून मशीनकडे वाकले. "हटो, मैं देखतूं."

"नक्को सर," मी म्हणाले. खुर्ची मी सोडली नाही. प्रोग्रामला वाचायला दिलेल्या यादीतली शेवटची ओळ मी रिकामी सोडली होती, तिथे तो अडत होता. माझाच निष्काळजीपणा. साहेब घड्याळाकडे बघत उभे राहिले. मी ओळ दुरुस्त केली, पुन्हा कळ दाबली. हिरवी अक्षरं सरसर खाली उतरली.

साहेबांनी वही उघडली. "गलती किसकी थी?"



"मेरी."

"और प्रोग्राम?"

सरांनी तोंड उघडलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वो भी मेरा."

साहेबांनी वहीत दोन्ही लिहून घेतलं. जागाही मलाच मिळाली. पण मला खरा आनंद झाला तो आधीच, चूक माझी, असं मी म्हणाले तेव्हा.