पहिल्या मजल्यावरचा बँड

माझ्या स्कूटीच्या काळ्या सीटवर पांढरी पूड पडली होती. ती हातानं झटकली आणि आईचा फोन घेतला. बीपीच्या गोळ्या कुठे ठेवल्या ते ती विचारत होती. तिला सांगून फोन ठेवला, तोवर सीट पुन्हा पांढरी झाली होती.

मी वर पाहिलं.

वरच्या हॉलमध्ये ‘बांधी’ बँडचा शो रंगात आला होता. रविवारची दुपार, साडेचारचा सुमार. भंडारा शहराबाहेरची ही एकमजली बिल्डिंग. खाली गाड्या लावायची जागा, वर शो. माझ्या डोक्यावर लोखंडी गर्डर होते, त्यांच्यावर पत्रा, पत्र्यावर काँक्रीट. वर लोक ड्रमच्या तालावर उड्या मारत होते, आणि मधला गर्डर त्याच तालावर खाली-वर होत होता. गर्डर थोडा हलतोच. पण तो हलताना नुसत्या डोळ्यांना दिसायला नको.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. बिल्डिंग किती वजन पेलेल याचं गणित करणं हे माझं काम. आणि हा गर्डर परका नव्हता. सात वर्षांपूर्वी त्याचं ड्रॉइंग मीच केलं होतं. स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवर, म्हणजे ‘ही बिल्डिंग वापरायला सुरक्षित आहे’ या कागदावर, सहीही माझीच.

तेव्हा वर रेस्टॉरंट होतं. आमच्या धंद्यात वजनाचे दोन प्रकार. बिल्डिंगचं स्वतःचं वजन तो डेड लोड. माणसं, टेबलं, फ्रीज, जे येतं-जातं तो लाइव्ह लोड. मी लाइव्ह लोड धरला होता जेवायला बसलेल्या माणसांचा. जेवणारी माणसं उड्या मारत नाहीत.

रेस्टॉरंट चाललं नाही. मालक विनोदभाऊंनी टेबलं काढली, एका टोकाला छोटं स्टेज बांधलं आणि कॉलेजच्या पोरांसाठी क्लब सुरू केला. दारू नाही. कोल्ड कॉफी, आलूबोंडे आणि महिन्यातून एका रविवारी दुपारी लाइव्ह बँड. दुपारी यासाठी, की गावाकडच्या लोकांना संध्याकाळची एसटी मिळावी. पहिल्या शोला त्यांनी मलाही बोलावलं. मी कानात बोटं घालून मागे उभी राहिले होते. दुसऱ्या गाण्याला बोटं काढली. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं शेत; या बँडची पोरं आपल्याच बोलीत गातात. धानाच्या रोवण्याबद्दल, तळ्याबद्दल, नागपूरला गेलेल्या मैत्रिणीबद्दल, आणि मागे गिटार अशी की छातीत वाजते. आठवडाभर साइटवर सिमेंट आणि सळ्या मोजणाऱ्या पन्नाशीच्या बाईला हे इतकं का आवडावं, मला सांगता येणार नाही. पण मी एकही शो चुकवला नव्हता. आणि खरं सांगायचं तर उड्याही मारल्या होत्या. चार शो मी त्या मजल्यावर नाचले आणि एकदाही माझ्या डोक्यातली इंजिनिअर जागी झाली नाही.

ती आता जागी झाली.

आईच्या फोनसाठी मी शोमधून खाली आले होते, ती पुन्हा वर गेले. जिना एकच, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढा. हॉलमध्ये शे-सव्वाशे लोक होते, आधीच्या शोंपेक्षा जवळपास दुप्पट. मी मधोमध जाऊन पाय रोवून उभी राहिले. गाण्यात एक जागा आहे, तिथे ड्रम दोन ठोके एकदम थांबतात आणि सगळे हात वर करून स्तब्ध होतात. त्या दोन ठोक्यांतही जमीन माझ्या पायाखाली हलतच होती.

हे वाईट लक्षण. झोक्यावर बसलेल्या पोराला आपण दर वेळी नेमक्या क्षणी हलका धक्का देतो. धक्का लहानच, पण झोका वाढत जातो. प्रत्येक मजल्याचाही असा स्वतःचा एक ठेका असतो. लोकांच्या उड्यांचा ठेका त्याच्याशी जुळला, की मजल्याचं हलणं वाढत जातं. याला रेझोनन्स म्हणतात. यात लोकांचं नुसतं वजन मोजून भागत नाही. शंभर माणसं एका तालात उतरली, की त्यांचा मार कित्येक पट होतो.

विनोदभाऊ काउंटरवर होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि विचारलं, खाली मधल्या गर्डरखाली विटांची भिंत होती, ती कुठे गेली.

“ते काढली ना जी. तीन आठवडे झाले. गाड्या बसत नव्हत्या खाली.”

“मला विचारायचं ना आधी.”

“तुमच्याच ड्रॉइंगमंदी पार्टिशन लिहून होतं, मॅडम. पार्टिशन काढाले कायले विचारा लागते?”

ते बरोबर बोलत होते. ती भिंत वजन पेलण्यासाठी नव्हती. फक्त दोन गाळे वेगळे करायला होती, म्हणून मी पार्टिशन लिहिलं होतं. पण सात वर्षं ती गर्डरच्या पोटाला टेकून उभी होती आणि त्याचं हलणं दाबून धरत होती. आता तो मोकळा झाला होता.

मी त्यांना शो थांबवायला सांगितलं. ते म्हणाले, दोनच गाणी राहिलीत, चार महिन्यांत काही झालं नाही, आता मधेच बंद केलं तर लोक खुर्च्या फेकतील. मी म्हणाले, “विनोदभाऊ, हा हॉल या क्षणापासून मी सुरक्षित मानत नाही. हे उद्या लेखी देईन. पण हे लोक आज वर आहेत.”

त्यांचा चेहरा उतरला. ते माइककडे निघाले. मीच त्यांचा हात धरला. कारण तेवढ्यात मला दुसरी भीती वाटली होती. ‘मजला पडतोय’ असं कोणी माइकवर म्हटलं, तर शंभर माणसं एकदम त्या एका जिन्याकडे धावणार. मजला कदाचित टिकेलही, जिन्यावरची माणसं टिकणार नाहीत. आणि नुसतं वाजवणं बंद केलं, तर लोक पाय आपटून पुढचं गाणं मागणार. पाय आपटणं म्हणजे पुन्हा तेच.

थांबवायचा होता तो शो नाही, ताल होता. आणि ताल वैशालीच्या हातात होता.

वैशाली बँडची ड्रमर. एरवी अड्याळला शाळेत शिकवते. गाणं संपलं आणि ज्याची मला धास्ती होती तेच झालं. लोक पाय आपटत बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं मागू लागले. धप, धप, धप. मी गर्दीतून वाट काढत स्टेजवर चढले. तिच्या कानाशी वाकून म्हटलं, “फ्लोअर धोक्यात आहे. उडी मारता येणार नाही असं काही वाजवा. लोकांना भिंतीला टेकून बसवा. घाबरवू नका.”

तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. “सच्चीमंदी, ताई?”

“हो.”

तिनं काठ्या खाली ठेवल्या आणि उठून गायक अमोलच्या कानात काहीतरी सांगितलं. अमोल गोसीखुर्दकडचा. त्याचं गाव धरणात गेलं, घरचे आता त्याच पाण्यात मासेमारी करतात. तो क्षणभर मजल्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा घाबरणार आणि सगळं संपणार. पण त्यानं गिटारची केबल काढली, माइकजवळ आला आणि अगदी सहज बोलला.

“पुढचं गाणं माह्या गावचं आहे. हे उभं राहून आयकाचं नाही. सगळ्यायनं बाजूच्या भिताडाले पाठ टेकून बसा. मंधात कोणी नाही पाहिजे.”

लोक कुरकुरले. मग हळूहळू सरकले. भिंतीजवळ खाली खांब आहेत. तिथलं वजन थेट खांबावर उतरतं. मधली जागा मोकळी होत गेली तसा मला श्वास घेता आला. अमोल एकटाच गात होता. पाण्याखाली गेलेल्या घराचं गाणं होतं, इतकं हळू की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मी ते गाणं आधी दोनदा ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा डोळे पुसले होते. या वेळी एक शब्द ऐकला नाही. मी जमिनीकडे बघत होते.

गाणं संपताना अमोलनं सांगितलं की बाकीचा शो खाली मागच्या आवारात, झाडाखाली, मोकळ्या हवेत होईल. आधी जिन्याजवळचे उठतील, मग पुढचे. विनोदभाऊ जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि दहा-दहा लोकांना सोडू लागले.

मी धावत खाली गेले, कारण एक गोष्ट माझ्या आत्ता लक्षात आली होती. सगळ्यांच्या गाड्या हॉलच्या बरोबर खाली होत्या. लोक उतरणार आणि आधी गाडीपाशी जाणार. मी ओढणी काढून दोन खांबांमध्ये बांधली आणि तिच्यापुढे उभी राहिले.

बहुतेकांनी ऐकलं. एक गृहस्थ मात्र हटून बसले. पुतण्याला घेऊन थेट बपेऱ्याहून आले होते.

“मले दूर जाचं आहे, बाई. माही गाडी काहून अडवून राहिल्या तुमी?”

मी त्यांना बाजूला नेऊन वर बोट दाखवलं. तेव्हा कोणी नाचत नव्हतं, फक्त रांगेत चालत होतं. तरी पत्र्याच्या सांध्यातून पूड झिरपत होती. त्यांनी वर पाहिलं. मग माझ्या शेजारी उभे राहून दुसऱ्यांना अडवू लागले.

हॉल रिकामा व्हायला वीस मिनिटं लागली असतील. मला ती फार मोठी वाटली. सगळ्यात शेवटी वैशाली उतरली, हातात फक्त काठ्या घेऊन. ड्रम वरच राहिले. तिनं आवारातल्या प्लास्टिकच्या रिकाम्या टाकीवर ताल धरला आणि शो पुढे चालू झाला. लोक मातीत नाचले. मी नाचले नाही. माझी नजर राहून राहून वर जात होती.

हॉल पडला नाही. हे सांगायलाच हवं, कारण विनोदभाऊंनी त्या रात्री मला तेच ऐकवलं. सोमवारी सकाळी गर्डरखाली तात्पुरते टेकू लावून मी शिडीवर चढले. गर्डर खांबाला चार बोल्टांनी जोडलेला होता. एकाचा नट गळून पडला होता. दोन बोल्टांचे नट नुसत्या बोटांनी फिरत होते. एकच घट्ट होता. मी विनोदभाऊंना शिडीवर चढायला लावलं आणि ते नट स्वतःच्या हातानं फिरवायला सांगितले. उतरल्यावर ते पायरीवर बसले, पाणी मागितलं आणि म्हणाले, “माही पोरगीबी होती जी वर.”

मी सर्टिफिकेट मागे घेतलं. हॉल बंद झाला. आता तिथे गोदामही नाही, काही नाही. क्लब शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरतो, जमिनीवर. विनोदभाऊ माझ्याशी बोलतात, पण थोडं सांभाळून.

या प्रकरणातून मी एवढंच शिकले. सर्टिफिकेट बिल्डिंगला दिलेलं नसतं, तिच्या वापराला दिलेलं असतं. वापर बदलला की तो कागद रद्दी. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी तो बदल होताना मी तिथेच उभी होते आणि टाळ्या वाजवत होते. आता माझ्या प्रत्येक सर्टिफिकेटवर एक ओळ जास्त असते, ‘नाचगाण्यासाठी नाही’. क्लायंट हसतात. मी खोडत नाही.

‘बांधी’चे शो अजूनही चुकवत नाही. फक्त वैशालीचा फोन आला की गाणी कोणती, वेळ कोणती, हे नंतर विचारते. आधी विचारते, कितव्या मजल्यावर.