धूर आणि फोडणी

चांद्याला माझ्या खोलीसमोर एक कल्हईवाला बसे. भाता ओढता ओढता तो रोज विचारी, "जेवला का भाऊ?" मी "हो" म्हणून सटके. खरं तर बायको वारल्यापासून एकट्यासाठी चूल पेटवणं मला अपराधासारखं वाटे.

एकदा तो म्हणाला, "खोटं काऊन बोलून राह्यले? तुमच्या कौलांतून धूरच नाई निंगला."

दुसऱ्या दिवशी मी चुलीत नुसतीच ओली लाकडं घालून भरपूर धूर केला आणि ऐटीत बाहेर आलो.

"आज दिसला ना धूर?"

"दिसला. पन फोडणीचा वास नाई आला!"

हसत त्याने फडक्यातली भाकर काळ्या बोटांनी मोडली आणि अर्धी मला दिली.

"आता सांगा, जेवला का?"

तोंडात घास होता. मी नुसती मान हलवली.