मंद्रूपच्या बाजारातली खुर्ची

माझ्या डोक्यावर एके काळी कपाळावर झुलणारे, कान झाकणारे, मागे कॉलरवर रुळणारे केस होते, हे आता नातवंडांना फोटो दाखवूनही पटत नाही. "आजोबा, हा कोण?" असं विचारतात. सत्तरच्या दशकात सोलापुरातले आम्ही सगळेच तरुण असे केस ठेवायचो. मी तर सुताच्या पेढीवरचा साधा कारकून, पण खिशात पेन नसलं तरी कंगवा असायचा. त्या केसांचा मला भारी गर्व होता आणि ते एका बाजारच्या दिवशी मंद्रूपला कडुलिंबाच्या झाडाखाली गेले.

दुष्काळ नुकताच सरला होता. आम्ही तिघे जण होतो, एक शाळामास्तर, एक तेलुगू विणकर आणि मी. जमायचं विणकराच्या घरी. पलीकडच्या खोलीत माग चालू असायचे, त्यामुळे ओरडून बोलावं लागे आणि साध्या गप्पासुद्धा बाहेरून भांडणासारख्या वाटत. त्याच्या फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. पगार झाला की ज्याला जमेल तेवढं त्यात टाकायचं आणि जातीच्या शिवाशिवीविरुद्ध स्वतःहून काही करू पाहणाऱ्या पोरांना त्यातून हातभार लावायचा, एवढंच आमचं काम. संस्था नव्हती, पाटी नव्हती. अट एकच होती. काय करायचं ते पोरांनी ठरवायचं, आपण शहाणपण शिकवायचं नाही. ही अट मास्तरांनीच घातली होती आणि ते सोडून आम्ही दोघं ती पाळत होतो.

त्या डब्यातून कुठे अभ्यासाला कंदील गेले, कुठे नाटकाला ढोलकी गेली. मग एकदा मंद्रूपच्या दलित वस्तीतला एक तरुण आला. माझ्याच वयाचा, अंगानं सडपातळ, बोटं लांबसडक. सोलापुरात एका सलूनमध्ये केर काढता काढता तो कटिंग शिकला होता. तिथे त्याला जात कुणी विचारली नव्हती, त्यानंही सांगितली नव्हती. आता त्याला गावी परत जायचं होतं. वस्तीतल्या सोबत्यांना घेऊन बाजारात खुर्ची मांडायची होती आणि त्यासाठी खुर्ची, आरसा, मशीन आणि वस्तरा पाहिजे होता.

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांच्या मनात पुस्तकं होती.

"त्यापेक्षा वाचनालय का काढत नाही?" ते म्हणाले.

"वाचनालयात आमीच येनार की सर. आमीच वाचनार, आमीच कुलूप लावनार." तो शांतपणे म्हणाला. "गावचा न्हावी आमच्या डोक्याला हात लावत न्हाय. लावला तर गाव त्याला डोकं देनार न्हाय, ही त्याची भीती. आमी घरीच कातरीनं कापतोय. पोरं साळंत गेली की म्हंत्यात, डोक्यावर पायऱ्या पाडल्यात. मला आमचीच डोकी कापायला खुर्ची नको. तिच्यावर गाव बसाय पायजे."

"आणि गाव नाही बसलं तर?" मी विचारलं.

"म्हनून तर तुमच्याकडं आलोय. पैशासंगट डोकीबी पायजेत. पयल्या बाजाराला तुमी तिघं यायचं, सगळ्यांसमोर बसायचं."

विणकर मोठ्यानं हसला. "डब्यात डोकं कसं मावणार रे?" असं म्हणाला खरा, पण गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायला पांढरं कापड आपल्या मागावर विणून देईन, हेही त्याच दमात सांगून टाकलं. माझी अडचण वेगळी होती. मंद्रूपला माझी सख्खी मावशी राहायची. तिच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या काकांचं, तिथे भुसाराचं दुकान होतं. बाजारात माझं डोकं ओळखणारे पुष्कळ होते.

पहिल्या बाजाराच्या सकाळी मी आणि मास्तर एसटी स्टँडवर उभे होतो. मास्तरांचं टक्कल, कानामागं नुसती झालर. त्यांची दाढी करायची, हे आधीच ठरलं होतं. खरी मदार विणकराच्या दाट काळ्या केसांवर आणि माझ्यावर होती. इतक्यात विणकर आला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघतच राहिलो. त्याची मान मागून चकचकीत, कानावरची कड सुतासारखी सरळ. गडी आदल्याच दिवशी कटिंग करून आला होता.

"अहो, कार्यक्रमाला जायचं, चार लोकं बघणार," तो म्हणाला, "जरा नीट दिसायला नको का?"

मास्तर असे भडकले की गाडी लागली तरी त्यांना कळलं नाही. सीनेचा पूल ओलांडेपर्यंत दोघांचं चाललं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत कंगवा फिरवून घेत होतो, कारण आता सगळा भार कुणाच्या डोक्यावर आलाय ते मला नीट समजलं होतं.

लिंबाखाली खुर्ची मांडलेली होती. जुनीच, पण मान टेकायला गादी असलेली. गावच्या न्हाव्यापुढे पोत्यावर उकिडवं बसायचं आणि डोकं त्याच्या गुडघ्यात द्यायचं, एवढंच माहीत असलेल्या लोकांना ती खुर्ची म्हणजे अपूर्वाई होती. झाडाला आरसा टांगला होता. शेजारी एक लांब बाकडं होतं आणि त्यावर किटली, कप. कटिंग झालं की माणसानं निवांत टेकावं, चहा घ्यावा, गप्पा माराव्यात, असं त्या पोरांनी ठरवलं होतं. भोवती माणसं जमली होती, पण जादूचे खेळ बघायला उभी राहतात तशी, अंतर राखून.

मास्तरांची दाढी झाली. मग मी बसलो.

"किती बारीक करू?" त्यानं कानाशी विचारलं.

"थोडेसेच," मी म्हणालो.

"लांबून दिसलं पाहिजे असं काप," मास्तर ओरडले. त्या दिवसापुरती तरी त्यांनी अट पाळायला हवी होती.

कात्री चालू झाली. माझी झुलपं विणकराच्या पांढऱ्या कापडावरून घरंगळत खाली गेली. आरशात एक अनोळखी, मोठ्या कानांचा माणूस दिसायला लागला. पण एक सांगतो, तसा हलका हात मला पुन्हा कुठे मिळाला नाही. मी बाकड्यावर बसून चहा घेतला. गर्दी पांगली. गावातलं दुसरं कुणी बसलं नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून मावशीकडे गेलो. काका ओट्यावर लोडाला टेकून बसले होते, सोबत बाजाराला आलेले दोघे शेतकरी. काका म्हणजे गावातला एक नंबरचा आळशी माणूस. दुकान मावशी बघायची, काका ओटा सांभाळायचे. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि गालावर आठवड्याची दाढी, कारण न्हावी लग्नसराईत गुंतला होता. मी पायरीवर पाय ठेवला तशी मावशी आतून कडाडली.

"शिवू नकोस कशालाबी! आदी न्हाणीत जा!"

माझं डोकं सणकलं. केस गेल्याचा राग होताच. "मावशी, गावच्या न्हाव्याकडनं आलो असतो तर अशीच ओरडली असतीस का?"

"मग? केस कापून आलेल्याला घरात घेत्यात व्हय कुटं? हे तुझे काका आले तरी हितंच उभं करते मी. साकु, बोलू नको, बादली भरलीया." चिडली की तिच्या तोंडात कानडी यायचं. साकु म्हणजे पुरे. मग तिनं मोर्चा काकांकडे वळवला. "आवं, तुमीबी जावा की त्याच्याकडं. अस्वलावानी दिसाय लागलाय. न्हाव्यानं केली तरी आंगुळ, त्यानं केली तरी आंगुळ. पानी काय जास्ती लागतंय व्हय?"

दोघे शेतकरी खो खो हसले. मावशीच्या मनात समाजसुधारणा वगैरे काही नव्हतं, तिला नवऱ्याची दाढी झालेली हवी होती. पण तिचं बोलणं बाजारभर झालं. केस कापल्यावर अंघोळ सगळ्यांनाच करावी लागते, मग हात कुणाचा का लागेना! पुढच्या बाजाराला त्या दोघांतला एक जण खुर्चीवर बसला. मग त्याचा भाऊ. मग काका स्वतः. खुर्ची रिकामी राहीना. आम्ही तिघं इतके खूश झालो की विणकरानं माग बंद करून सगळ्यांना चिवडा खाऊ घातला.

पावसाळा संपता संपता तो तरुण विणकराकडे आला. हातात शहाळी होती, पण तोंड पाडलेलं.

"आता काय झालं?" मास्तर म्हणाले. "गाव बसतंय ना?"

"बसतंय, सर. अन् उठलं की पळतंय." तो मागाच्या आवाजावर आवाज चढवून बोलत होता. "पयलं न्हाव्याकडनं उठले की दोन-दोन तास हाटेलात बसायचे, अंगावर केस घिऊन. आंगुळीचं नावबी न्हाई. आता खुर्चीवरनं उठत्यात अन् पायात व्हाना घालायलाबी थांबत न्हाईत. चा घ्या म्हनलं तर हात जोडत्यात. माझं बाकडं रिकामंच. मला धुऊन टाकायची घाई असती त्यास्नी."

विणकर उठला आणि आत जाऊन माग बंद करून आला. मला मावशीची बादली आठवली.

"दिवाळीपतुर बगतो," तो म्हणाला. "न्हाई जमलं तर खुर्ची इकून सोलापूरला सलूनात जातो. तितं कुनी पळत न्हाई."

"तिथे तू कोण ते कुणाला माहीत नाही," विणकर म्हणाला.

"व्हय. तेच की."

"डब्यातून आणखी काही देऊ का?" मास्तरांनी विचारलं.

"पैसे नकोत, सर. माझ्या हातानं केस कापून कुनीतरी गावातलं मानूस निवांत बसलेलं बगायचंय. एवढंच."

आमच्या डब्यातून देता येण्यासारखी ही गोष्ट नव्हती. मग मी दर आठवड्याला बाजाराला जाऊ लागलो. कापायला काही उरलं नसलं तरी दाढी करून घ्यायची, मानेवर दोन कात्र्या मारून घ्यायच्या आणि त्या बाकड्यावर ठाण मांडून बसायचं. कॉलरमध्ये केस शिरून पाठ अशी खाजायची की विचारू नका. पण मी हलायचो नाही. माझ्यासमोरून गिऱ्हाइकं उठायची आणि लगबगीनं घराकडे जायची. काकासुद्धा जायचे. मात्र जाताना वळून माझ्याकडे आणि किटलीकडे बघायचे. न्हाव्याकडून उठल्यावरचा तो निवांत चहा हे काकांच्या आयुष्यातलं मोठं सुख होतं आणि ही धावपळ त्यांना मानवत नव्हती, हे मला दिसत होतं.

दिवाळीच्या आधीचा बाजार. ऊन मी म्हणत होतं. काका खुर्चीवर बसले. केस झाले, फेस लागला, मान गादीवर टेकली, वस्तरा फिरू लागला. लिंबाची सावली, अंगावर विणकराचं मऊ कापड आणि गालावर तो हलका हात. वस्तरा गळ्याशी असतानाच काकांचा घोरण्याचा आवाज आला.

तो क्षणभर थांबला. मग जपून दाढी पुरी केली, फेस पुसला आणि मागे सरकला. काकांचं तोंड उघडं, हात दोन्ही बाजूंना लोंबकळलेले.

"उठवू का?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. नको.

पुढचे नंबरवाले खोळंबले. थोडा वेळ उभे राहिले, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. ऊन लागायला लागलं तसा एक जण बाकड्याच्या टोकाला टेकला. मग दुसरा. मग मला सरकायला सांगून तिसरा. काकांच्या घोरण्यावरून हसणं सुरू झालं, हसण्यावरून ज्वारीच्या भावावर गोष्ट गेली. एकानं सवयीनं हात पुढे केला आणि वस्तीतल्या पोरानं त्याच्या हातात कप दिला. तो प्यायला. दुसऱ्यांनीही कप घेतले.

तेवढ्यात मावशी आली. उन्हानं लाल झालेली, पदर खोचलेला. नवरा घरी का येत नाही ते बघायला दुकान सोडून आली होती. तिला पाहून तो तरुण घाईनं काकांना हलवायला गेला.

"झोपू दे," मावशी म्हणाली. "घरी कुटं झोप लागती त्यास्नी, मी वरडत असते."

"अक्का, काकांचं पानी तापवून ठेवलं आसल की," बाकड्यावरचा एक जण हसत म्हणाला.

"गार झालं ते." ती बाकड्याच्या कडेला बसली आणि पदरानं वारा घेत त्या तरुणाकडे वळली. "आता संध्याकाळी बगू. मला अर्धा कप दे रं, लई ऊन हाय."

त्यानं स्वतः किटली घेतली. अर्धा मागितलेला कप त्यानं काठोकाठ भरून तिला दिला. मग आमच्याकडे पाठ करून तो आरसा पुसत राहिला. आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता आणि मलाही डोळे पुसावे लागले.

थोड्या वेळानं मी त्याच्याजवळ गेलो आणि हळूच विचारलं, "मग? खुर्ची विकायची का?"

त्यानं काकांकडे पाहिलं. त्यांच्या खांद्यावर केस तसेच पडलेले होते.

"कशी इकू?" तो म्हणाला. "गिऱ्हाईक झोपलंय की अजून."